'माणूस तिखट आहे, पण कामाचा आहे' म्हणणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

बडोदा आणि आसपासच्या कारखान्यांचे मालक, प्लांट हेड व विभागप्रमुख यांना,

सप्रेम नमस्कार.

माझी नोकरी बडोद्याजवळ नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात झाली. सुरुवातीला क्वालिटी लॅबमध्ये केमिस्ट होते, पुढे सेफ्टी विभागात गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. अजूनही दांडिया बाजारात, लग्नकार्यात, गणपतीच्या मांडवात जुने सहकारी भेटतात. त्यांची मुलं आता मकरपुऱ्यात, पाद्रा रोडवर, पोर-रमणगामडीत नोकऱ्या करतात. पगाराचं विचारलं की दोन वाक्यांत उत्तर येतं. साहेब कसा आहे असं विचारलं की बोलणं लांबतं. त्यांच्याकडून मी जे ऐकते ते तुमच्या कानावर येणार नाही, कारण सांगणाऱ्याची वेतनवाढ तुमच्याच सहीने होते. म्हणून हे पत्र मी लिहिते आहे.

विषय तुमच्या परिचयाचा आहे. टीममध्ये एक माणूस असा असतो की त्याच्या पाळीत जायचं म्हटलं की इतरांच्या पोटात गोळा येतो. चारचौघांत अपमान करणं, आईबहिणीवरून बोलणं, ट्रेनी पोराच्या इंग्रजीची नक्कल करणं, ओडिशा-बिहारहून आलेल्याला त्याच्या मुलुखावरून हाका मारणं, रजेचा अर्ज मुद्दाम शेवटच्या दिवसापर्यंत अडवून ठेवणं, दुसऱ्याने केलेलं काम मीटिंगमध्ये स्वतःच्या नावावर सांगणं. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर क्षुल्लक वाटते आणि तुम्हीही तसंच म्हणता. "असं चालायचंच, प्लांट आहे, देऊळ नाही." मग विषय एच.आर.कडे जातो. एच.आर. एक ट्रेनिंग ठेवतं, चहा-समोसे होतात, आणि ज्याच्यासाठी ट्रेनिंग ठेवलं तो माणूस त्या दिवशी 'प्रॉडक्शन अर्जंट' म्हणून येतच नाही.

हे काम एच.आर.चं नाही. ते त्या माणसाच्या थेट वरच्या खुर्चीत जो बसला आहे त्याचं आहे, आणि त्याने ते स्वतःच्या तोंडाने, लवकर आणि नेमक्या शब्दांत करायचं असतं. एच.आर. कागद सांभाळेल, नियम सांगेल, साक्षीला बसेल. पण त्या माणसाला ज्याच्या मर्जीची फिकीर आहे तो एच.आर.चा मुलगा नाही, तुम्ही आहात.

"मला कल्पनाच नव्हती" हे मी फार वेळा ऐकलं आहे आणि त्यावर माझा विश्वास नाही. कल्पना असते. एकाच पाळीतून बदलीचे अर्ज येतात, एकाच सेक्शनमधले ट्रेनी वर्ष पुरं व्हायच्या आत जातात, एका माणसाचं नाव निघालं की मीटिंगमध्ये सगळे कागदांत डोकं घालतात. हे दिसतं. दिसूनही साहेब थांबतात, कारण तो माणूस बॅच वेळेवर काढतो, दिवाळीच्या पाडव्यालाही हजर असतो, रात्री दोनला फोन केला तर येतो. त्याला दुखावलं आणि तो गेला तर प्लांट कोण चालवणार, ही भीती खरी आहे. तिला मी कमी लेखत नाही. मात्र त्या भीतीच्या पायी तुम्ही काय काय गमावता याचा हिशेब कुठल्याच एम.आय.एस.मध्ये, म्हणजे वर जाणाऱ्या आकड्यांच्या अहवालात, येत नाही. तो हिशेब मी एकदा एका वहीत पाहिला.

आमच्या एका प्लांटमध्ये एक शिफ्ट इन्चार्ज होते. प्लांटची नस न नस त्यांना ठाऊक होती, हे मी आजही मान्य करते. त्यांच्या पाळीचं लॉगबुक देखणं असायचं. रकाने भरलेले, खाडाखोड नाही, शेऱ्यात कायम 'ऑल नॉर्मल'. ऑडिटला आलेले लोक त्याची तारीफ करून जायचे. एकदा सकाळच्या पाळीच्या सुरुवातीला मी रिॲक्टरच्या मजल्यावर उभी होते. पाद्र्याकडून येणारे एक जुने ऑपरेटर कूलिंग वॉटरचा व्हॉल्व्ह बंद करत होते. व्हॉल्व्ह बंद झाला असं मला वाटलं, तरी त्यांनी हँडव्हीलला पान्हा लावून आणखी दीड आटा दिला. मी विचारलं, हे कशासाठी? ते म्हणाले, बेन, हा पूर्ण बसत नाही, वरून बंद दिसतो पण आत पाणी चालू राहतं. लॉगबुकात तर असं काही नव्हतं. मग तुम्हाला कुणी सांगितलं? ते जरा घुटमळले आणि बूट ठेवायच्या कपाटातून एक वही घेऊन आले.

शाळेतल्या पोरांची असते तसली वही, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेले. आत बॉलपेनने, गुजरातीत, चार-पाच वेगवेगळ्या हस्ताक्षरांत प्लांटची खरी हकीकत होती. रिॲक्टर दोनचा व्हॉल्व्ह बसत नाही. स्टोरेज टँकचं लेव्हल गेज अडकतं, टोकल्याशिवाय खरं दाखवत नाही. स्क्रबरचा (घातक वायू धुऊन काढणाऱ्या यंत्राचा) पंप रात्री दोनदा ट्रिप झाला, पुन्हा चालू केला. अमुक पायरी सैल आहे, पोती घेऊन चढू नका. ऑपरेटर मंडळी एका पाळीतून दुसऱ्या पाळीत ही वही गुपचूप एकमेकांना देत होती, आणि तिच्याच जिवावर प्लांट चालला होता.

लॉगबुकात का लिहीत नाही, हे विचारायची खरं तर गरजच नव्हती. लिहिलं की इन्चार्ज साहेब पाळी बदलताना ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे. स्पेलिंगवर हसायचे. "हे बघा, आमचे चीफ इंजिनिअर काय म्हणतात." मग ज्याने लिहिलं त्यालाच विचारायचे, तुझ्याच पाळीत कसं बिघडतं, तूच काहीतरी केलं असशील. पुढचा आठवडाभर त्याला घाणीतलं काम. दोनदा असं झालं की माणूस शहाणा होतो आणि 'ऑल नॉर्मल' लिहायला शिकतो.

अडकणारं लेव्हल गेज म्हणजे काय हे तुम्हा मंडळींना सांगायला नको. टँक भरत असतो आणि पॅनलवरचा माणूस तो रिकामा समजतो. एवढी मोठी गोष्ट दडून राहिली ती इन्स्ट्रुमेंट विभागाच्या चुकीने नाही. इन्स्ट्रुमेंटवाल्यांना ती कुणी सांगितलीच नव्हती. ती दडली एका माणसाच्या जिभेमुळे, आणि ती जीभ सर्वांनी 'तिखट' म्हणून माफ केली होती.

इस्रायलमध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या 24 टीमवर एक प्रयोग झाला, तो 2015 साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक टीमला एका आजारी बाळाचा सराव-प्रसंग दिला. काही टीमसमोर परदेशातून आलेला म्हणून ओळख करून दिलेला एक तज्ज्ञ तिथल्या डॉक्टरीबद्दल दोन-चार लागट वाक्यं बोलला, बाकीच्यांशी साधं बोलला. शिवीगाळ नाही, आरडाओरड नाही. तरीही ज्यांनी लागट बोलणं ऐकलं त्या टीमचं निदानही घसरलं आणि हाताचं कामही. कारण शोधलं तेव्हा दिसलं की त्या टीममधली माणसं एकमेकांना माहिती कमी सांगत होती आणि मदत कमी मागत होती. हे वाचलं तेव्हा मला ती पाढ्यांची वही आठवली. तिथे बाळ होतं, इथे रिॲक्टर होता, पण बंद पडलेली गोष्ट एकच होती.

आणि 'कामाचा माणूस' या हिशेबाबद्दलही सांगते. मायकल हाउसमन आणि डिलन मायनर या दोघा अभ्यासकांनी 2015 मध्ये अमेरिकेतून एक काम प्रसिद्ध केलं. 11 कंपन्यांमधल्या 50,000 हून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती त्यात होती. छळ, हिंसा, अफरातफर अशा गंभीर गैरवर्तनामुळे ज्यांना काढावं लागलं त्यांना त्यांनी विषारी कर्मचारी म्हटलं. असा एक माणूस टाळला तर कंपनीचे सुमारे 12,500 डॉलर वाचतात, आणि सर्वांत वरच्या एक टक्क्यातला हुशार माणूस घेतला तर सुमारे 5,300 डॉलरचा फायदा होतो, असा त्यांचा अंदाज. त्यातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: ही विषारी माणसं कामाच्या वेगात अनेकदा इतरांपेक्षा सरस निघाली. म्हणजे तुमच्या कारखान्यात जे दिसतं ते योगायोगाने नाही. त्याचे आकडे चांगले आहेत म्हणून तर तो टिकला आहे. आकडे वाईट असते तर तुम्ही त्याला केव्हाच घरी पाठवलं असतं.

बडोद्याच्या माणसाला या बाबतीत दूर जायची गरज नाही. 1913 मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि करार पाळायला 1917 च्या सप्टेंबरात बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. त्या काळात एवढा शिकलेला माणूस कुठल्या दरबाराकडे होता? कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली टाकत, तिथे त्यांना प्यायला पाणी मिळत नसे, असं त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. शहरात राहायला जागा मिळेना म्हणून ते ओळख लपवून पारशी धर्मशाळेत राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तिथून बाहेर काढलं. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी आधीच दिवाणांकडे अर्ज केला होता. बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की त्या निकडीची दिवाणांना कल्पना आली नाही आणि अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. मग कमाटीबागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. बडोद्याने तो माणूस गमावला.

जातीचा तो अन्याय आणि आजच्या शिफ्ट इन्चार्जची दादागिरी एकच आहे असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं त्या अन्यायाला लहान करणं होईल. शिवाय आजही प्लांटमधल्या टोमण्यांत जात असते, हे ज्यांना ऐकावं लागतं त्यांना विचारा. मला दाखवायचं आहे ते मधल्या कचेरीचं वागणं. वर बसलेला राजा पुरोगामी होता, सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू करणारा होता, या तरुणाला शिकायला परदेशी पाठवणाराही तोच होता. फायली फेकणाऱ्या हाताला मात्र कुणी अडवलं नाही आणि अर्ज टेबलांवरून फिरत राहिला. वरच्याचा चांगुलपणा खालच्या टेबलापर्यंत आपोआप उतरत नाही. कुणीतरी उठून तिथे जावं लागतं.

आमच्याकडे त्या वेळी जे प्लांट हेड होते ते उठून गेले. त्यांनी काय केलं ते मी सविस्तर सांगते, कारण मला हे काम नीट झालेलं फार थोड्या वेळा पाहायला मिळालं.

वही मी त्यांच्या टेबलावर ठेवली. ती कुणाची, कोण लिहितं, हे त्यांनी विचारलं नाही. सर्वांत आधी मेंटेनन्सला बोलावून वहीत लिहिलेल्या वस्तू दुरुस्त करायला लावल्या. व्हॉल्व्ह, गेज, पायरी, सगळं त्याच आठवड्यात. माझ्या मते निम्मं काम तिथेच झालं. आपण लिहिलेलं कुणीतरी वाचतं आणि त्यामुळे कुणाचं वाईट न होता चांगलं होतं, हे ऑपरेटर मंडळींनी किती तरी दिवसांनी पाहिलं. नंतर ते काही रात्री न सांगता पाळी बदलायच्या वेळी प्लांटवर येऊन उभे राहिले. ऐकीव गोष्टीवर त्यांना कुणालाही जाब विचारायचा नव्हता. तिसऱ्या की चौथ्या रात्री त्यांनी स्वतःच्या कानांनी लॉगबुक-वाचन ऐकलं.

दुसऱ्या दिवशी इन्चार्ज साहेबांना एकट्याला बोलावलं. दार लावून. "तुमच्याबद्दल तक्रारी आहेत" असं ते म्हणाले नाहीत, "वागणूक सुधारा" असंही म्हणाले नाहीत. असल्या वाक्यांना समोरचा माणूस "कोण म्हणतं?" एवढंच विचारतो आणि बाहेर जाऊन ते 'कोण' शोधायला लागतो. ते म्हणाले, काल रात्री तुम्ही अमुक ऑपरेटरची नोंद सहा जणांसमोर वाचून हसलात, मी तिथे होतो. त्यानंतर त्याने पंपाच्या ग्लँडमधून गळती आहे हे तुम्हाला सांगितलं नाही, मला सांगितलं. हे मला चालणार नाही.

मग त्यांनी ऐकूनही घेतलं. इन्चार्ज साहेबांचंही म्हणणं होतं. दुसरा इन्चार्ज भरलाच नव्हता म्हणून ते किती तरी महिने डबल पाळ्या काढत होते. ज्या साहेबाच्या हाताखाली ते शिकले तो हेल्मेट फेकून मारायचा, त्यांना तीच पद्धत ठाऊक होती. प्लांट हेडनी डबल पाळ्यांची तक्रार खरी मानली आणि माणूस भरायला लावला. पण त्या बदल्यात सूट दिली नाही. माणूस दमला असेल तर त्याला विश्रांती द्यायची, दुसऱ्याला तुडवायची मुभा नाही, ही रेघ त्यांनी सोडली नाही. काय बदलायचं ते एका पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या, त्यावर पुन्हा कधी बसायचं ती तारीखही घातली, आणि त्या तारखेला ते खरोखर बसले. तारीख घालणारे साहेब पुष्कळ असतात, त्या दिवशी बसणारे फार थोडे.

पहिला महिना बरा गेला. नंतर एका अप्रेंटिस पोरावर पुन्हा तेच सुरू झालं. तेव्हा इन्चार्ज साहेबांना टेक्निकल विभागात हलवलं. पगार तोच, मान तोच, त्यांच्या ज्ञानाचा उपयोगही झाला, पण हाताखाली एकही माणूस नाही. हा निर्णय सगळ्यांना पटला नाही. जुन्या मंडळींनी त्याला अन्याय म्हटलं. काही आठवडे बॅचेस उशिरा निघाल्या, हेड ऑफिसचे फोन आले. मग दुसऱ्या ऑपरेटरना काय काय येतं ते दिसू लागलं, कारण तोवर त्यांना काही करूच दिलं नव्हतं.

आणि एक गंमत नव्हे, गंभीर गोष्ट झाली. निअर-मिसच्या, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या, नोंदी एकदम वाढल्या. हेड ऑफिसने विचारलं, सेफ्टी बिघडली का? मला त्यांना लेखी समजवावं लागलं की धोके वाढले नाहीत, ते आता कागदावर येऊ लागले आहेत. एमी एडमंडसन या अभ्यासिकेला 1990 च्या दशकात रुग्णालयांमध्ये हेच दिसलं होतं. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील असं तिला वाटलं होतं, पण नोंदलेल्या चुका तिथेच जास्त निघाल्या, कारण तिथली माणसं चुकांबद्दल मोकळेपणी बोलत होती. तेव्हा ज्या पाळीचा निअर-मिसचा रकाना महिनोन्महिने कोरा असतो तिला बक्षीस देण्याआधी त्या पाळीत एकदा जाऊन उभे राहा.

कडकपणाला माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. रासायनिक कारखान्यात कडकपणा हवाच. मास्क न लावता ड्रम उघडणाऱ्याला मी स्वतः फाडफाड बोलले आहे, परमिटशिवाय वेल्डिंग करणाऱ्याला गेटबाहेर काढलं आहे. गॅस सुटला असेल तेव्हा कुणी "कृपया" म्हणत नाही, ओरडतोच. ते बोलणं व्हॉल्व्हबद्दल असतं, मास्कबद्दल असतं, आणि काम झालं की संपतं. त्या माणसाच्या आईबद्दल, जातीबद्दल, गावाबद्दल, त्याच्या इंग्रजीबद्दल बोलणं सुरू झालं की तो कडकपणा राहत नाही. हा फरक ऑपरेटरला पुरेपूर कळतो. कडक साहेबाबद्दल त्याच्या मनात राग नसतो, उलट तो निवृत्त झाल्यावर ऑपरेटर त्याला मुलाच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला घरी जातो.

आपल्याकडे एक फार वाईट सवय आहे, समेट घडवायची. दोघांना केबिनमध्ये समोरासमोर बसवायचं, चहा मागवायचा, "झालं गेलं विसरा, एक कुटुंब आहोत" म्हणून हात मिळवायला लावायचे. साहेबाला वाटतं मिटलं. लहान माणूस त्या खोलीत काय बोलणार? तो मान हलवतो, आणि बाहेर आल्यावर त्याचा साप्ताहिक सुट्टीचा वार बदललेला असतो. भांडण बरोबरीच्या दोघांत असेल तर समेट ठीक आहे. जिथे एकाच्या हातात दुसऱ्याची हजेरी आहे, तिथे भांडण नसतंच, तिथे एकतर्फी त्रास असतो, आणि त्याला समेट हा इलाज नाही.

सूड उघडपणे घेतला जात नाही, म्हणून तो तुम्हाला दिसत नाही. ओव्हरटाईम बंद होतो. कंपनीच्या बसची वेळ गाठता येणार नाही असं काम सुटताना हातात दिलं जातं. आधी मंजूर झालेली रजा रद्द होते. व्हॉट्सॲप ग्रुपवर पाळीबदलाचा निरोप त्याच एकाला येत नाही. म्हणून ज्याने तोंड उघडलं त्याचा हजेरीपट, ओव्हरटाईम आणि रजा पुढचे काही महिने तुम्ही स्वतः पाहा. दुसऱ्या कुणाला पाहायला सांगू नका.

लैंगिक छळाचा प्रकार असेल तर वर लिहिलेलं काहीही करायला बसू नका. तिथे केबिनमधली चर्चा नको आणि तुमचा न्यायही नको. 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार तीन महिन्यांच्या आत करता येते, कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, आणि चौकशी 90 दिवसांत पुरी करायची असते. तुमचं काम एवढंच की त्या बाईला समितीपर्यंत पोचता येईल आणि तोवर तिची पाळी त्या माणसाखाली लागणार नाही. समितीच्या सदस्यांची नावं गेटजवळच्या फळ्यावर आहेत का, की ती एच.आर.च्या फाईलमध्येच आहेत, हे आजच बघा. लॅबमध्ये आता मुली पुष्कळ आहेत. त्यांना ती नावं माहीत नसतात, असा माझा अनुभव आहे.

ठेकेदाराच्या माणसांबद्दल वेगळं लिहिते, कारण त्यांच्याबद्दल कुणीच लिहीत नाही. ठेक्याचा माणूस तुमच्या पटावर नाही, युनियनमध्ये नाही, तुमच्या तक्रारपेटीची भाषा त्याला वाचता येत नाही. इन्चार्जने ठेकेदाराला "उद्यापासून याला पाठवू नको" म्हटलं की संपलं. भोपाळनंतर 1987 मध्ये फॅक्टरी कायद्यात धोकादायक कारखान्यांसाठी नवं प्रकरण घातलं गेलं, त्यात समोर धोका दिसला तर तो कळवण्याचा हक्क कामगाराला दिला. हा हक्क ज्याला सर्वांत जास्त लागतो तो ड्रम हलवणारा, टँकमध्ये उतरणारा माणूस बहुतेक वेळा ठेक्याचाच असतो. त्याला काढायचं तर कारण लिहून विभागप्रमुखाची सही घ्यावी लागेल, एवढा एकच नियम करा. किती तरी जणांची तोंडं एकदम बंद होतील आणि किती तरी जणांची उघडतील.

इतरांना छळणाऱ्या माणसाला शेवटी काढावंच लागलं तर रीतसर काढा. चार्जशीट, चौकशी, त्याचंही म्हणणं, सगळं नीट. पण राजीनामा घेऊन, उत्तम वर्तणुकीचं प्रमाणपत्र देऊन शेजारच्या प्लॉटमधल्या कंपनीत सोडून देऊ नका. मी अशी माणसं एका गेटमधून बाहेर पडून पुढच्या गेटमधून वरच्या पदावर आत जाताना पाहिली आहेत.

आणि तुम्ही स्वतः. सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये तुम्ही कुणाचं वाक्य मध्येच तोडता, कुणाच्या अडचणीवर हसता, वाईट बातमी आणणाऱ्याकडे कसं बघता, हे टेबलाभोवतीचे सगळे टिपत असतात, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते कँटीनमध्ये पोचलेलं असतं. तुमचा इन्चार्ज ऑपरेटरशी बऱ्याचदा तसाच बोलतो जसे तुम्ही त्याच्याशी बोलता. हे लिहिताना मला कुणाला दुखवायचं नाही, पण हे टाळून वरचं सगळं केलंत तर ते कुणी खरं मानणार नाही.

एक गोष्ट तुम्ही या आठवड्यात करू शकता. गेल्या वर्षभरात तुमच्या विभागातून सोडून गेलेल्या तिघांचे नंबर काढा. त्यांच्या एक्झिट फॉर्मवर 'बेटर प्रॉस्पेक्ट्स' लिहिलेलं असेल, तो फॉर्म बाजूला ठेवा. संध्याकाळी घरून, स्वतःच्या मोबाईलवरून फोन करा आणि विचारा, बाबा रे, का गेलास? त्यांना आता तुमच्याकडून काही नको आहे, ते खरं सांगतील. मध्ये बोलू नका, बाजू मांडू नका, लिहून घ्या. तिघांपैकी दोघांच्या तोंडून एकच नाव आलं, तर सोमवारी त्या माणसाला बोलवा.

आपली,
एक निवृत्त सेफ्टी अधिकारी
बडोदा